नाव बाहेरच्या बाजूला

अप्पा, तुमच्या दुकानावर मी कादंबरी लिहितेय. हसू नका. आयुष्यभर वर्तमानपत्रात वेळेवर मजकूर देत आले, तेव्हा निवृत्तीनंतर एखादी रहस्यकथा सहज जमेल असं वाटलं होतं. खून नाही, रक्त नाही. फणसवाडीच्या तोंडाशी जुन्या सामानाचं दुकान, तिथे एक पितळी डबा सापडतो, आणि तो कुणी आणला हे शेवटच्या प्रकरणात कळतं. म्हणजे कळायला हवं. तिथेच मी अडकले आहे.

तुमच्याकडे आरसे, कपाटं, पंखे सगळंच यायचं, पण मला आठवतात ती तांब्यापितळेची भांडी. त्या काळी घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असायचं. कुणी विकायला आणलं की तुम्ही ते घासूनपुसून फळीवर ठेवायचात, आणि ठेवताना नाव भिंतीकडे फिरवायचात. मी एकदा का म्हणून विचारलं, तर म्हणालात, "अगं, विकणाऱ्याला याच रस्त्यावरून रोज जायचंय." कुणाचं हो हे, असं गिऱ्हाइकानं विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं: "आठवत नाही." प्रत्यक्षात कुठलं कपाट कुणाच्या माजघरातून आलं हे तुम्हांला बिजागरीसकट आठवायचं.

माझ्या शाळेच्या वर्षांतला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. दिवाळी तोंडावर आली आहे. मी आत बाकावर अभ्यास करतेय. समोरच्या चाळीतल्या काकू मोठा झारा आहे का विचारायला येतात आणि दारातच थांबतात.

"अहो, हा आमचा फराळाचा डबा!"

समोरच्याच फळीवर डबा, आणि त्यावरचं नाव बाहेरच्या बाजूला. काकूंच्या सासूबाईंचं नाव.

"घर उलथंपालथं केलं मी याच्यासाठी. कामवालीला नाही नाही ते बोलले."

"घेऊन जा," तुम्ही म्हणता.

"नेणारच! पण आणला कुणी ते सांगा."

"आठवत नाही."

"काल-परवाचं आठवत नाही? दुकान चालवताय की चोरबाजार?"

रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागतात. तुम्ही डबा वर्तमानपत्रात नीट गुंडाळून त्यांच्या हातात देता.

रात्री जेवताना आई काय म्हणाली तेही आठवतं. "जन्मभर नावं भिंतीकडे केलीत, आणि नेमकं हेच कसं हो बाहेर राहिलं?"

"राहिलं."

"राहिलं म्हणे! चाळीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत."

तुम्ही आणखी आमटी मागून घेतलीत. समोरच्या चाळीचं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. तुमच्या पश्चातसुद्धा तिथे कुणीतरी 'तो चोरीचा माल घेणारा' म्हणालेलं मी ऐकलं आहे. खरं तर म्हणूनच लिहायला बसले. कादंबरीत तरी तुमच्यावरचा तो डाग पुसावा.

पण त्यासाठी चोर हवा. काकूंच्या नवऱ्याला चोर करून पाहिलं, मग दिराला. कुणीच नीट बसेना. प्रकाशनातली संपादक मुलगी फोन करते, "मॅडम, चोर कोण?" मी म्हणते, शोधतेय. "शोधताय म्हणजे? तुम्हीच लिहिताय ना?"

मागच्या आठवड्यात माझ्या गोष्टीतल्या शोध घेणाऱ्या बाईच्या, खोताच्या वाडीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या, तोंडी आईचाच प्रश्न घातला. फक्त तिच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. नेमकं हेच कसं हो बाहेर राहिलं? वाक्य लिहिलं आणि हात थांबला. तुमचा हात चुकणारा नव्हता, अप्पा. ते राहिलं नव्हतं, तुम्ही ठेवलं होतंत. रस्त्यावरून दिसावं, घरच्यांनी ओळखून न्यावं म्हणून.

मग ते वेताचं स्टूल आठवलं. त्या दिवाळीनंतर तुम्ही दाराशी मांडलंत ते. दुपारी काकूंच्या सासूबाई येऊन बसायच्या, पदराखाली कधी पळी, कधी तांब्या. वस्तू तुमच्या हातात देऊन म्हणायच्या, "ठेव रे बाबा." तुम्ही चहा मागवायचात, त्यांच्या माहेरच्या आंब्यांची चौकशी करायचात, आणि मग "चला आजी, घरी वाट बघतायत" म्हणत ती वस्तू परत त्यांच्या पदराखाली देऊन रस्ता ओलांडून द्यायचात. त्या पोटच्या मुलाला ओळखेनाशा झाल्या, तेव्हा चाळीला कळलं. तुम्हांला बरंच आधी कळलं असणार. डबा घेऊन त्यांच्या दारात गेला असतात, तर कुणी आणला ते सांगावं लागलं असतं.

आता माझी पंचाईत बघा. शिक्षिकेनं हे मोठ्यानं सांगितलं तर दुकानदार सुटतो, पण आजींचं नाव रस्त्याकडे फिरतं. कालच शेवटचं प्रकरण लिहून पाठवलं. त्यात सगळे जमतात, डबा कुणी आणला विचारतात, आणि शिक्षिका म्हणते, "आठवत नाही." ती दाराशी वेताच्या स्टुलावर बसलेली आहे, एवढंच लिहिलंय. संपादक मुलगी चिडेल. तुमचा डाग तसाच राहिला.

हे पत्र कुठे पाठवणार? एक मात्र कबूल करते. हे सगळं माझं अनुमान आहे, आणि कादंबरी निमित्त होती. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला पाठ आहे, तरीही.