गॅलरीत आलेला भाऊ

ताई,

माझ्या चित्राला विद्यापीठाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. कला विभागाने ते गॅलरीत अगदी दारासमोर लावलंय. पेपरात माझा फोटोही आला. तू पाहिला असशील. त्यानेही पाहिला.

आज दुपारी गॅलरीचे रखवालदार काका कौतुकाने म्हणाले, "तुमचे भाऊ येऊन गेले. कुठे राहता, विचारत होते."

ताई, आपल्याला भाऊ कुठे आहे?

घर सोडलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "कुठेही जा, शोधून काढीन." काकांनी पत्ता दिला नाही, पण उद्या परत येतो म्हणून तो गेलाय.

विभागप्रमुख बाईंना सगळं सांगितलं. पोलिसांत तक्रार करून त्यांनी मला आपल्या घरी आणलं. मग हळूच विचारलं, "चित्र उतरवू या का? निदान खालचं नाव तरी झाकू?"

जिन्यात पाऊल वाजलं तरी मी दचकतेय. तुझ्याकडे त्याचं येणं-जाणं आहे, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

पण बाईंना म्हटलं, "नाव राहू द्या. उद्या मीही गॅलरीत येते. तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभ्या राहा."

तुझीच,
धाकटी