रांगोळीनं काढलेली तुझी वाट

आई, तुझी नात कॉलेजात समाजविकासाचं शिकते आहे. असलं काही शिकायला असतं हे तुला खरं वाटलं नसतं, मलाही कुठं वाटत होतं! शेजारीण विचारते, "बहनजी, ई कौन पढ़ाई है? बी.एड. करा देतीं, मास्टरनी हो जाती." मी तिला सांगते, की वस्तीतल्या, खेड्यातल्या माणसांना आपली कामं आपणच कशी उभी करता येतील, त्यासाठी त्यांच्याबरोबर कसं बसायचं, काय विचारायचं, ते ही मुलं शिकतात. ती सगळं नीट ऐकून घेते आणि म्हणते, "अच्छा, नेतागिरी." तूही असंच काहीतरी म्हणाली असतीस, पदर खोचता खोचता. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर हे लिहिते आहे. चांगली वही तुझ्यासाठीसुद्धा मोडवत नाही, आणि ही सवय तुझीच.

तिच्या अभ्यासातलं शेवटचं काम म्हणजे एका खेड्यात जाऊन राहणं. सोनभद्र जिल्ह्यात, डोंगरात. बस थांबते तिथून पुढं जीप, जीप थांबते तिथून पुढं पायी. काम जमलं तर तिथली संस्था नोकरीही देणार, म्हणजे गेलेली मुलगी परत येईलच असं नाही. ह्यांनी ऐकून घेतलं आणि पेपरचं पान उलटत म्हणाले, "आईला विचार. ती म्हणेल तसं." आजवर माझ्या मताला भाजीच्या पिशवीबाहेर जाऊ न देणाऱ्या माणसानं एवढी मोठी गोष्ट माझ्यावर टाकली. मी म्हटलं, "बघू." पोरगी रागावली की हिंदीत जाते. "बघू नहीं, आई. हाँ बोलो या ना बोलो. ना बोलोगी तो नहीं जाऊँगी, कसम से. लेकिन बोलो तो सही." माझ्या तोंडात तुझं वाक्य येऊन बसलं होतं.

तो दिवस मला अजून दिसतो. माझा मॅट्रिकचा निकाल लागला आहे आणि शाळेच्या मोठ्या बाई आपल्या घरी आल्या आहेत. घरात नाशिककडचे यात्रेकरू उतरलेले. बाबा त्यांचं श्राद्धाचं काम आटोपून नुकतेच गंगेच्या घाटावरून परतलेत. तू सोवळ्यात, चुलीपुढं, खीर ढवळते आहेस. बाई बाहेरच्या खोलीत बसून सांगतात, मुलगी हुशार आहे, पुढं शिकवा. बाबा छताकडे बघत "बघू" म्हणतात, आणि बाबांचं बघू म्हणजे बहुतेक वेळा हो असायचं. तेवढ्यात आतून तुझा आवाज जातो, "नाही जायची ती. मॅट्रिक झाली, पुष्कळ झालं." पळी थांबली नाही तुझी. बाई पाणी पिऊन निघून गेल्या. मी तुझ्याशेजारी वडे थापत होते, दोन्ही हात पिठाचे, डोळे पुसता येईनात. तू बघितलंस आणि म्हणालीस, "पिठात पाणी पडेल. तिकडं तोंड कर." मी तोंड तिकडं केलं. पुढं लग्नात तू माझ्या हातात अन्नपूर्णा ठेवलीस, तळहाताला जड लागणारी, आणि म्हणालीस, "हिला उपाशी ठेवू नकोस." मी नुसतं "बरं" म्हटलं. त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस. आपलं मोकळं बोलणं असं झालंच नाही.

या माघात तुझी नात गच्चीवर उन्हात बसली आणि मला म्हणाली, "आई, रांगोळीचा डबा आण." मी म्हटलं, दिवाळीपर्यंत पुरवायची आहे ती. म्हणाली, "थोडीशीच. प्रॅक्टिस करायची आहे." त्यांच्यात अशी रीत आहे, की गावातल्या बायका कुठं कुठं जातात, कशासाठी जातात, ते त्यांच्याच हातानं जमिनीवर काढून घ्यायचं. वह्यापेन बघून बायका बिचकतात, रांगोळी चिमटीत आली की हात आपोआप चालतो. मला म्हणाली, "आजीचं काढ. आजी कुठं कुठं जायची?" मी आपलं घर काढलं. घरापासून संकठा घाटापर्यंत एक रेघ ओढली, पहाटेच्या स्नानाची. घाटावरून देवीच्या देवळात. देवळातून घरी. "आणि?" आणि काय? भाजी बाबा आणायचे, कापड बाबा आणायचे. "माहेरी?" माहेर साताऱ्याकडं. तुझी आई गेल्याची तार आली तेव्हा एकदा गेली होतीस, पोचलीस तोवर दिवसही होऊन गेले होते. ती रेघ काढायची तर कठड्यापलीकडे गेली असती. नात हलकेच म्हणाली, "राहू दे. रोजचंच काढायचं असतं." आम्ही दोघी त्या रेघांकडे बघत बसलो. गंमत म्हणजे तू दिवसभर राबायचीस, तुला बसलेली मी कधी पाहिली नाही, आणि काढायला गेले तर चिमूटभर रांगोळीत संपलीस.

मग एका रविवारी ती मला गंगेपलीकडे, नावाड्यांच्या वस्तीत घेऊन गेली. "तू सोबत असलीस की बायका मोकळ्या बोलतील," म्हणाली. मीही उत्साहानं पुढं सरसावले. बायका सांगत गेल्या, मी काढत गेले. ही गल्ली, हा हातपंप, ही शाळा. चौरामाईचं ठाणं आलं, तिथं सवयीनं माझ्या हातून देवीची दोन पावलं उमटली, वर हळदकुंकवाची चिमूटही पडली. लागलीच एक म्हणाली, हातपंप चुकला, तो तिकडच्या अंगाला पाहिजे. पण तिकडं जायचं तर पावलांवरून जायचं! सगळ्या उभ्या राहिल्या, हात जोडून. एक म्हातारी म्हणाली, "अब ए पर गोड़ के धरी?" यावर पाय कोण ठेवणार? नात माझ्याकडं डोळे मोठे करून म्हणाली, "आई, पूस ते." मलाही पुसवेना. "दीदी, तोहार माई त पूजा करे आयल हईं," असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. शेवटी पलीकडच्या अंगणात सगळा नकाशा नव्यानं काढला, आणि या खेपेला रांगोळी माझ्या हाती दिली नाही. म्हातारीनं स्वतःची वाट स्वतः काढली. नदी ओलांडून मंडईपर्यंत, लेकीच्या सासरापर्यंत, मुन्शी घाटावर हार विकायला, लांबच लांब. वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी तिचं कुणीतरी होतं. इथं बहीण, इथं जिच्याशी भांडण आहे ती, इथं चहावाली.

परत येताना नाव संकठा घाटावरून गेली. त्या पायऱ्यांवर तू रोज उभी राहायचीस, पण नदीतून तो घाट कसा दिसतो ते तू कधी बघितलंस का, मला माहीत नाही. नातीनं विचारलं, "आई, आजी बोलायची कुणाशी?" त्यांच्यात हेही विचारायचं असतं म्हणे. मी पटकन म्हटलं, "माझ्याशी."

खरंच, आई. दुसरं कोण होतं तुला? बाबा घाटावर. यात्रेकरू आज आले, उद्या गेले. गल्लीतल्या बायकांची हिंदी तुला शेवटपर्यंत नीट आली नाही. मी शाळेतून यायचे तेव्हा तू दारात उभी असायचीस आणि मी चपला काढायच्या आत तुझं सुरू व्हायचं, सकाळपासून साठलेलं सगळं. इतकी वर्षं मी समजत होते की तुला जगाची भीती होती, रीतीची भीती होती, लोक काय म्हणतील याची होती. ती असेलही. पण मी कॉलेजात गेले की दुपारच्या त्या स्वयंपाकघरात तू एकटी पडणार होतीस, हे मला कधी सुचलंच नाही. मग वर्ष-दीड वर्षात तूच माझं लग्न लावून दिलंस. त्यानंतर तू कुणाशी बोलत होतीस? मी माहेरपणाला आले तरी "बरं" आणि "हो" यापलीकडे जात नव्हते. तुझं कारण कळलं म्हणून माझं कॉलेज मला परत मिळालं नाही. राग अजून आहे. फक्त आता तो करताना तू दारात उभी दिसतेस.

घरी आल्यावर पाय धुतले, देवापुढं दिवा लावला. नात भाकरीचं पीठ मळत होती. मी तिच्याकडं न बघता म्हटलं, "जा तू." तिनं विचारलं, "कुठं?" म्हटलं, "कुठं काय, सोनभद्राला." पिठाच्या हातांनीच येऊन मिठी मारली. ती गेली, रमली. फोनवर सांगते, की तिथल्या बायकांनी बैठकीला आधी ओसरी दिली नव्हती, आता देतात.

हे पत्र कुठं पाठवायचं? गंगेत सोडावं म्हटलं तर नदीत कागद टाकायचा नाही, हे तुझी नात मला बजावून गेली आहे. देवघरात पोथ्यांखाली ठेवीन. एकच सांगायचं राहिलं. हल्ली दुपारी सगळं आवरलं की मी स्वयंपाकघरात मोठ्यानं बोलते, आपल्या भाषेत. ह्यांना वाटतं स्तोत्र म्हणते, आणि मी तसंच वाटू देते. तुझ्याशी बोलते, असं लिहिणार होते. पण खरं सांगायचं तर तुझ्याशी नाही गं, तुझ्या नातीशीच बोलते.