तुमची शिडी वाकडीच होती

अहो,

आजवर मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. लिहायचं कशाला, तुम्ही हाकेच्या अंतरावर असायचे. शिवाय मला लिहावाचायला येऊ लागलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती, तेही किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून. पण काल तुमची एक गोष्ट दोन माणसांसमोर उघडी पडली. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी, म्हणून लिहिते.

तुमची शिडी वाकडी आहे.

हसू नका. सगळं पहिल्यापासून सांगते.

वैशाखातल्या वाऱ्यात बांधावरचा मोठा कडूलिंब पडला. तोच, ज्याच्याकडं बघून तुम्ही दर उन्हाळ्यात म्हणायचे, "याचं दार करू. लिंबाला वाळवी लागत नाही." दर उन्हाळ्यात म्हणालात आणि सगळे हिवाळे आपण पत्र्याच्या दारामागं काढले. एवढं एक काम करून का नाही गेलात?

झाड पडल्याचं कळताच भाऊजी गावातून आले. धाकटा भाऊ तुमचाच, बसायच्या आधी बोलायला सुरुवात.

"वहिनी, आता बास करा. बाईमाणसानं एकटीनं रानात ऱ्हायचं, अन् दार काय, तर पत्र्याचं! लाथ घातली की उघडतं. गावात चला आमच्याकडं."

"लाकडाचं दार बसलं की नाही उघडणार."

"कोण करतंय दार? ओंडका जाग्यावरनं हलंना. लाकडाच्या गिरणीत न्यायचा कसा?"

"मी करते. इथंच."

भाऊजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मला ऊन लागलंय! मग म्हणाले, "दिवाळी होऊ द्या. त्यानंतरच्या सोमवारी वीटभट्टीचा ट्रॅक्टर येईल. तोवर दाराच्या फळ्या निघाल्या तर ऱ्हावा खुशाल. न्हाय निघाल्या तर ओंडका भट्टीला अन् तुमी माझ्या घरी."

मी हो म्हणाले. भाऊजी वाईट नाहीत, जाऊही जीव लावते. पण तिथं मी पाहुणी असते. चहा कधी करायचा हेसुद्धा विचारावं लागतं. इथं मला कोणाला विचारावं लागत नाही.

सुरेखानं पुण्याहून एक लोखंडी सांगाडा पाठवला. तुमच्या लेकीला मोबाइलवर काय काय सापडतं! तो सांगाडा झाडं कापायच्या कटर मशीनच्या पात्यावर आवळायचा आणि मशीन आडवी धरून ओंडक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत न्यायची. गिरणीत ओंडका करवतीकडं जातो, इथं करवत ओंडक्याकडं येते. सोबतचा कागद हिंदीत होता. तीन वेळा वाचला, तेव्हा कुठं डोक्यात शिरला.

मशीन अणदूरच्या मुबारकभाईंची. त्यांनी जन्मभर झाडंच तोडली, पण ओंडका उभा चिरायची त्यांचीही पहिलीच वेळ. "तोडणं येतं भाभी, चिरणं अल्लाच्या भरवशावर," म्हणाले. म्हणजे दोघंही नवशिके. मशीन मी ढकलायची आणि कापात पाचरी त्यांनी ठोकायच्या, असं ठरलं.

आता ओंडका गोल. त्यावर सांगाडा सरकणार कशावर? कागदात लिहिलं होतं, पहिल्या कापाला वर एक सरळ शिडी बसवा. एकदा सपाटी मिळाली की पुढचे काप तिच्यावरूनच निघतात. मी लगेच तुमची शिडी आणली.

मुबारकभाईंनी एक डोळा मिटून शिडीकडं पाहिलं. "भाभी, सरळ आहे का ते सूत लावून बघू का? मला जरा झोल दिसतोय."

"माझ्या मालकानं स्वतः वेल्डिंग केलेली शिडी आहे. सूत लावायचं तर तुमच्या मशीनला लावा."

कशी बोलले बघा! ते बिचारे "ठीक, ठीक" म्हणून खाली बसले.

खरं तर मलाच माहीत होतं. ती शिडी भिंतीला कधी नीट टेकली नाही, मधे मूठ जाईल एवढी फट. मी म्हणायची शिडी वाकडी, तुम्ही म्हणायचे भिंत वाकडी. किती वर्षं भांडलो यावर! आणि तुम्ही गेलात तशी मी तुमच्या बाजूची झाले. तुम्ही होतात तेव्हा एकदा तरी झाले असते तर?

पावसाळा, मग सुगी यात दिवस गेले आणि काल रविवारी, ट्रॅक्टर यायच्या आदल्या दिवशी, सकाळी मशीन सुरू केली. कानात कापूस, डोळ्यावर चष्मा, पदर खोचलेला. पहिली हातभर लांबी कापेपर्यंत मी जोरानं रेटत होते आणि मशीन असे हादरे देत होती की दात वाजले. मग कळलं, जोर लावायचा नसतो. नुसतं मागं उभं राहायचं आणि मशीनला तिच्या चालीनं जाऊ द्यायचं. भुसा तोंडात गेला, जीभ कडूजहर झाली. पण शेवटच्या टोकातून पातं बाहेर आलं तेव्हा वाटलं, आपल्याला जमतंय!

वरची सालीची फाक उचलली. खाली पाहिलं तर काप मधेच खाली बसलेला, बाजेला झोळ पडावा तसा. तुमच्या शिडीचा बाक लाकडात जसाच्या तसा उतरला होता.

सकाळपासून बघायला येऊन बाजेवर बसलेले भाऊजी उठून आले. वाकून बघितलं आणि म्हणाले, "दादाची शिडी व्हय? दादाला सायकल सरळ चालवता येत नव्हती वहिनी, शिडी कुठनं सरळ येणार!"

मी हसले. अहो, पोट धरून हसले. तुमचं नाव निघालं आणि हसू आलं, असं तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच झालं.

पण हसून भागणार नव्हतं. पाया वाकडा तर पुढच्या सगळ्या फळ्या वाकड्या. तो काप सरळ करायचा तर एक फळी वाया जाणार. सहा निघाल्या असत्या, आता पाचच. आणि दाराला लागतात पाच. पुढं एकही चूक चालणार नव्हती.

शेडसाठी आणलेले दोन चौकोनी पाइप काढले. या वेळी सूत मीच लावलं, चारही बाजूंनी. सूत हातात होतंच, म्हणून जाऊन भिंतीलाही लावून पाहिलं. भिंतसुद्धा वाकडी निघाली! म्हणजे तुम्ही निम्मे खरे होतात. हे मला कबूल.

मग पाइपावरून काप घेऊन आधी ती वाकडी फळी उतरवली. दुपारचं जेवण सोडलं. मुबारकभाई पाचर ठोकायचे आणि ओरडायचे, "हां भाभी, आने दो, आने दो!" ऊन कलेपर्यंत पाच फळ्या पडल्या. आतून लालसर, सूत धरलं तर केसाचीही फट नाही. पाचवी निघाली तेव्हा भाऊजींनी स्वतः एक टोक धरलं. सावलीत एकीवर एक रचल्या, मधे वारा खेळायला काड्या, वर दगड. गुढीपाडव्यापर्यंत वाळतील.

आज सकाळी भट्टीचा ट्रॅक्टर आला. भाऊजींनी त्यात फांद्या आणि साली भरून दिल्या. ती वाकडी फळी मीच उचलून टाकली. ठेवून काय करायची होती?

जाताना ते म्हणाले, "बिजागऱ्या माझ्याकडनं. पण चांगल्या जाड घेणार, नंतर कटकट नको."

"घ्या. बसवायलाही या."

तर आता मी इथंच राहते आहे. तुम्हाला एक शब्द देते. यापुढं तुमच्याविषयी कोणी काही बोललं, तर आधी सूत लावून बघेन. खोटं निघालं तर सोडणार नाही कोणाला. आणि खरं निघालं, तर तुमची बाजू न घेता असंच लिहून तुम्हालाच सांगेन, पूर्वी सांगायची तशी, तोंडावर.

रानातल्या घरातून,
तुमची कौसल्या