खंडेनवमीला कॉम्प्युटरला हात लावला त्याची गोष्ट

उज्जैन,
दसरा झाला, कोजागिरी यायची आहे

राजमान्य राजश्री चिरंजीव अनय यांचे सेवेशी,

भय्यासाहेबकाकाचे आशीर्वाद, आणि त्यालाच जोडून साष्टांग नमस्कार. वयाने तू माझा पुतण्या म्हणून आशीर्वाद, आणि या दसऱ्याला तू माझी अब्रू वाचवलीस म्हणून नमस्कार. दोन्ही एकाच पत्रात घातले आहेत, हवं ते ठेवून घे आणि उरलेलं आमच्या सूनबाईला, पल्लवीला दे. तिचा खोकला गेला का? (पुण्याच्या हवेचं कौतुक मी चाळीस वर्षं ऐकतोय, पण तिथून येणारा प्रत्येक माणूस खोकतच येतो.) आपट्याची पानं ईमेलने पाठवता येत नाहीत, म्हणून कोरडंच सांगतो, सोनं घे आणि सोन्यासारखाच राहा, तू आहेसच तसा. इकडे आम्ही दोघं ठीक. सुलूकाकूची टाच दुखते, पण चप्पल बदल म्हटलं तर ती माझ्याकडे अशी बघते की मीच विषय बदलतो. माझं बीपी मध्यंतरी आभाळाला टेकलं होतं, आता उतरलंय. त्याचं श्रेय गोळीला नाही, तुला आहे. आता सविस्तर लिहितो.

गणपतीत तू आलास आणि मोदक खाता खाता आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम चढवून दिलीस, त्याबद्दल आधी आभार. (तक्रारही आहे, पण ती आभाराच्या पोटातली.) काकूच्या जुन्या लॅपटॉपला मात्र तू हात लावला नाहीस. म्हणालास, तो म्हातारा झालाय, त्याला हे पेलणार नाही. हे म्हणताना तू माझ्याकडे का बघितलंस ते मला अजून कळलेलं नाही. मग ऑटोत बसल्यावर, ऑटोवाल्याने गियर टाकल्यावर, सांगितलंस की काका, तुमच्या सगळ्या फाइली आता क्लाउडवर आहेत, म्हणजे या कॉम्प्युटरवर, काकूच्या लॅपटॉपवर आणि तिच्या फोनवर एकच चीज दिसणार, एकीकडे बदललं की सगळीकडे बदलणार. मी मान हलवली. बँकेत मॅनेजर होतो रे मी, मान हलवण्यावरच तर नोकरी काढली.

दुसऱ्या दिवसापासून चक्कर सुरू झाली. प्रत्येक फाइलच्या बाजूला एक चिमुकला ढग. पेन्शनची फाइल उघडायला जावं तर गोल गोल फिरत बसते, आणि नेट गेलेलं असलं की म्हणते मी इथे नाहीच. कॉम्प्युटर माझा, टेबल माझं, फाइल माझी आणि ती उघडायची परवानगी आभाळाकडे! लॉकर आपला आणि दोन्ही चाव्या परक्याकडे, असला कारभार आमच्या बँकेत झाला असता तर ऑडिटवाल्यांनी मला उभं जाळलं असतं. त्यातून एका फाइलच्या दोन व्हायला लागल्या. एक नुसती, आणि एकीच्या नावापुढे काकूच्या लॅपटॉपचं नाव जोडलेलं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे तो निरोप, की तुमची जागा भरत आली आहे, आणखी जागा घ्या. सकाळी तोच, दुपारी तोच. राम घाटावर पंडेसुद्धा मागे लागतात, पण त्यांना एकदा सांगितलं की भैया, आम्ही इथलेच, तर हसून सोडून देतात. याला किती वेळा सांगू की मी इथलाच आहे?

आता मुख्य गोष्ट. काकूचं पुस्तक तुला माहीतच आहे. महाराष्ट्र समाजाच्या हॉलमध्ये दर रविवारी ती आपल्या मराठी घरांतल्या पोरांना मराठी शिकवते, ती पोरं जी आजीशी फोनवर हिंदीत बोलतात आणि मग आजी रडते. ज जहाजाचा म्हटलं की पोरं विचारायची, क्षिप्रेत जहाज कुठून आलं? मग तिने स्वतःच बाराखडीचं पुस्तक करायला घेतलं, सगळं इथलंच. क कचोरीचा, घ घाटाचा, ट टॉवर चौकाचा, ज जलेबीचा. (मी म्हटलं, अगं जिलबी लिही. ती म्हणाली, उज्जैनची आहे, जलेबीच राहील.) चित्रं पोरांनीच काढायची, तिने ती त्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर चढवायची, खाली दोन-दोन ओळी लिहायच्या. किती वर्षं चाललं होतं! आता कुठे पुरं झालं, आणि कोजागिरीच्या कार्यक्रमात पोरांच्या हातात द्यायचं म्हणून देवास गेटच्या प्रेसवाल्याला दसऱ्यानंतर लगेच फाइल द्यायची ठरली. तिच्या आयुष्यातलं हे एवढंच पुस्तक, अनय. आणि ते होतं त्या ढगातल्या फोल्डरमध्ये.

खंडेनवमीला आपल्या घरी काय होतं तुला ठाऊक आहे. खापरपणजोबा दरबारात चाकरीला होते, त्यांची तलवार निघते, चिंचेने घासली जाते, चौरंगावर मांडली जाते. तलवारीने आता कुणी भाजीसुद्धा चिरत नाही, म्हणून बरोबरीला घरातली खरी हत्यारं बसतात. काकूची कात्री, विळी, माझ्या स्कूटरची चावी आणि तिचा लॅपटॉप. झाकण मिटलेलं, वर हळदीकुंकू आणि झेंडू. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला विश्रांती, हात लावायचा नाही. हॉलमधला कॉम्प्युटर काही चौरंगावर चढेना, तेव्हा तिने त्याला जागच्या जागी कुंकू लावलं, अगदी स्क्रीनच्या कपाळावर, मला बजावलं की आजच्या दिवस याला हात लावू नका, आणि भोंडल्याला निघून गेली. मी दरवर्षीप्रमाणे हसलो. म्हटलं, यंत्राला कसली आलीय विश्रांती!

घर रिकामं, खिरापतीला उशीर, आणि करमेना. म्हणून जरा बसलो. बसलो तर तोच निरोप, जागा भरली. म्हटलं, नवरात्रात अख्खं घर घासलं, हेच का राहावं? एकाच पुस्तकाचे दोन-दोन फोल्डर दिसत होते, एक टेबलावर (म्हणजे त्या डेस्कटॉपवर) आणि एक ढगात. एक आपल्याकडे आहे म्हटल्यावर आभाळातला कशाला हवा? काढला. त्याने इंग्रजीत लांबलचक काहीतरी विचारलं. आता बघ, आयुष्यभर मी लोकांकडून न वाचता सह्या घेतल्या, इथे करा, इथे करा, आणि मागच्या पानावर एक. ते पाप असं फिरून आलं. मी न वाचता हो म्हटलं. मग कचऱ्याची टोपली भरलेली दिसली. देवीचे दिवस, घरात केर कसा ठेवायचा? तीही रिकामी केली. मग स्वच्छ झालेलं घर बघावं म्हणून टेबलावरचा फोल्डर उघडला. त्यात काही नव्हतं. कचोरी नाही, घाट नाही, काही नाही.

अरे बाप रे, अनय, काय सांगू! दोन फोल्डर नव्हतेच, एकच होता आणि दोन दारांतून दिसत होता. तुला फोन लावला, तर तू इतका शांत, की जणू तुला सगळं आधीच ठाऊक होतं. तू एकच विचारलंस, काकूचा लॅपटॉप कुठे आहे? म्हटलं, देवापुढे. बंद आहे? म्हटलं, बंद आहे, वर झेंडू आहे. तेव्हा तू समजावलंस की त्या लॅपटॉपच्या पोटात पुस्तक अजून जिवंत आहे, कारण पुसून टाकायचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. तो जागा झाला आणि त्याला नेट मिळालं की इमानदार नोकरासारखा तोही सगळं पुसून मोकळा होईल. म्हणून आधी मोडेम बंद करायचं, मग लॅपटॉप उघडायचा, आधी सगळं पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि मग बाकीचं बोलायचं. काय बुद्धी दिली आहे देवाने तुला! फोन ठेवला आणि मी त्या कॉम्प्युटरसमोर हात जोडून बसलो, त्याच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघत.

आता देवीची करणी ऐक. काकू भोंडल्याहून आली, खिरापत ठेवली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि सरळ जाऊन मोडेमची वायर काढली. ते पुसलं, त्याला कुंकू लावलं आणि चौरंगावर लॅपटॉपच्या शेजारी नेऊन ठेवलं. म्हणाली, तुमचं सगळं याच्यावरच तर चालतं, याला नको का विश्रांती? मी मनात म्हटलं, ही बाई नाही बोलत, साक्षात हरसिद्धी देवी बोलतेय. दसऱ्याला उत्तरपूजा झाली, ती शेजारी सोनं द्यायला गेली, आणि मी मोडेम तसंच बंद ठेवून, झेंडू बाजूला करून लॅपटॉपचं झाकण उघडलं. तो म्हातारा हळूहळू, कण्हत जागा झाला. आणि समोर क्ष क्षिप्रेचा! काकूच्या वर्गातल्या विहंगने काढलेली नदी, तिच्यात त्याने घातलेली निळी मगर, खाली काकूच्या दोन ओळी. सगळं होतं, जागच्या जागी. मी त्या लॅपटॉपला वाकून नमस्कार केला, हे कुणाला सांगू नकोस. मग तू फोनवर सांगितलंस तसं सगळं उतरवून घेतलं आणि पुन्हा वर चढवलं. पेन ड्राइव्ह घेऊन प्रेसवर गेलो, तर तो म्हणतो, साहब, क्लाउड पे ही डाल देते ना. मी त्याच्यापुढे हात जोडले.

पुस्तक छपाईला गेलं आहे. तेव्हापासून मी कसा वागतोय ते बघशील तर ओळखणार नाहीस. सकाळचे पोहे मी करतो, भाजी मी आणतो, खोबरं मी किसतो. काकूने एका अक्षराने विचारलं नाही की हे काय चाललंय. तिला काहीच ठाऊक नाही याचं मला बरंही वाटतं आणि मनही खातं. पण मुख्य म्हणजे, बाळा, तुझे उपकार मी विसरणार नाही. कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटायचे नाहीत. पल्लवीला आशीर्वाद. कोजागिरीला या, दूध मीच आटवणार आहे.

तुझा ऋणी,
भय्यासाहेबकाका

ता. क. १ : एक छोटंसं काम आहे. कधीतरी ही गोष्ट काकूच्या कानावर जाणारच. तेव्हा तू एवढंच म्हण, की काकू, फाइली पुसल्या त्या नव्या सिस्टिमने, आणि सिस्टिम मी चढवली होती. खोटं काहीच नाही, फक्त माझं नाव मधून गळतं. तू लांब आहेस, तुला रागावून रागावून किती रागावेल? मला इथेच जेवायचं आहे.

ता. क. २ : वरची विनंती मान्य असेल तर नुसतं "काका, पोहे छान" एवढंच उत्तर पाठव, मी समजेन.

ता. क. ३ : अनय, घोटाळा. हे पत्र मी सवयीने त्याच ढगातल्या फोल्डरमध्ये लिहीत बसलो होतो. म्हणजे ते काकूच्या फोनवर... ती स्वयंपाकघरात आहे. फार शांतता आहे. थांब, खाली काहीतरी आपोआप उमटतंय. हे मी लिहीत नाही.

चि. अनय, पत्र मी पहिल्या ओळीपासून वाचते आहे. भोंडल्यात बायकांना पुस्तक दाखवायला फोन उघडला तर सगळं रिकामं. तेव्हाच मी तुला फोन केला, आणि काकांचा आला तर काही बोलू नकोस म्हटलं, ते तू पाळलंस, शहाणा आहेस. घरी आले ती भांडायचंच ठरवून. पण हे त्या कॉम्प्युटरपुढे हात जोडून बसले होते. इतक्या वर्षांत देवापुढे असे बसलेले पाहिले नाहीत मी यांना. माझ्या बाराखडीसाठी बसले होते रे. मग ओरडवेच ना. मोडेम तू सांगितल्याप्रमाणे चौरंगावर ठेवलं, नाहीतर हे घाईत ते बंद करायचंही विसरले असते. यांना मी केव्हाच माफ केलं आहे, पण ते यांना कळू देऊ नकोस, पुस्तक छापून येईपर्यंत पोहे यांच्या हातचेच खाणार आहे. तुझी काकू.

सुलू, मी इथेच बसलोय. मला दिसतंय हे सगळं.

माहीत आहे. उद्या कांदा जरा बारीक चिरा.