सगळंच कसं तरंगतं?

३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

सगळं ठीक म्हणावं तर खोटं होईल. संपादकबाईंनी माझं हस्तलिखित परत पाठवलंय. तळ्याकाठी वाढलेल्या मुलीची ती इंग्रजी कादंबरी. वर्षभर झटापट करून मराठीत आणली. बाईंनी ‘तरंगत’ या शब्दाभोवती लाल गोल काढून एका पानाला अगदी गोवर आणलाय. रिकामी नाव तरंगत लांब जाते, साबणाचा वास तरंगत घरात शिरतो, हंस तरंगतो, वर घार तरंगते आणि शेवटी मुलगीही तळ्यात तरंगते. समासात शेरा: तुमच्याकडे सगळंच कसं तरंगतं?

मूळ लेखकाने प्रत्येकाला वेगळा शब्द दिलाय. नावेला ड्रिफ्ट, वासाला वाफ्ट, हंसाला ग्लाइड, घारीला हॉवर, मुलीला फ्लोट. माझं डोकं आता चालेनासं झालंय. अण्णांना विचार. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, लेकीला एवढी मदत करायला हरकत नसावी.

आणि अण्णा त्या कोमट पाण्याच्या हौदात उतरले की नाही? प्रत्येक पत्रात तू हवापाण्याबद्दल लिहितोस आणि हे बरोब्बर विसरतोस.

मुलांना पापे. उत्तराला उशीर केलास तर माया आटेल, हे ध्यानात ठेव.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विसरलो नव्हतो, लाज वाटत होती. अण्णा उतरलेले नाहीत. दर मंगळवारी आणि गुरुवारी मी अर्धी रजा टाकतो, त्यांना पाठीवर घेऊन तीन मजले उतरतो, रुग्णालयाच्या तळघरातल्या हौदापर्यंत नेतो. तिथे ते कोट न काढता बाकावर बसतात आणि वेळ संपली की घरी चला म्हणतात. कधी पाणी गार आहे, कधी औषधाचा वास येतो, कधी घसा धरलाय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पडून मोडलेल्या खुब्यातली सळई नीट बसली आहे, पण पाय आत्ता हलवला नाही तर तसाच आखडून राहील. मग कायमची चाकाची खुर्ची. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा मी, माझ्याच इमारतीला लिफ्ट नाही. खुर्ची काय खिडकीतून खाली सोडू?

खरं कारण मला उशिरा कळलं. हौदात व्यायाम करून घेणारी बाई त्यांची जुनी विद्यार्थिनी निघाली. तिच्यासमोर चड्डीवर उभं राहायचं आणि तिने बाळासारखं धरायचं, हे त्यांना जमणार नाही.

तुझं पत्र मात्र त्यांना चांगलंच लागू पडलं. पडल्यापासून पहिल्यांदाच चष्मा मागितला. जेवण निवेपर्यंत मला ऐकवत होते: ग्लाइड म्हणजे स्वतःच्या दिशेने सहज सरकणं, हॉवर म्हणजे हवेत एका जागी टिकणं, वाफ्ट फक्त हलक्या गोष्टींसाठी. मराठी काय करायचं ते तुझं तू बघ म्हणाले. पण मुलीच्या बाबतीत लेखक साफ चुकलाय, असा त्यांचा निकाल आहे. ती पाण्यावर नुसती पडली आहे, पाणी नेईल तिकडे चालली आहे, म्हणजे तिथे ड्रिफ्टच हवं. तसं प्रकाशकाला कळव म्हणतात. मी हात टेकले.

तुझ्या मायेवर आमचा संसार तरलाय, तेव्हा ती आटू देऊ नये.

तुझा,
ठोंब्या

१७ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

नावेचं मी ‘वाहत गेली’ केलं, वास ‘दरवळत’ आणला, हंस ‘संथ सरकतो’, घार पंख पसरून ‘अधांतरी थांबते’. इथपर्यंत तुमचे उपकार. मुलीचं मात्र मला पटत नाही. नावेला कळत नाही आपण कुठे चाललो ते. मुलीला कळतं. ती बुडत नाहीये कारण तिने न बुडायचं ठरवलंय. लेखकाने फ्लोट लिहिलंय ते बरोबरच आहे, तिथे मी ‘तरंगते’च ठेवणार.

आणि स्पष्ट लिहिते, रागावलात तरी चालेल. पाण्यावर पडल्यावर काय होतं, हे तुम्ही कुणाला सांगणार? जन्मात कधी गुडघ्याच्या वर पाणी लागू दिलंत का? बाकावर कोट घालून बसायचं आणि पोहणाऱ्या मुलीची चूक काढायची, हे फक्त तुम्हालाच जमतं. ठोंब्याची पाठ गेली की तुम्हाला कोण उचलणार? मी इथून हे लिहिण्यापलीकडे काही करू शकत नाही, म्हणून जास्तच संताप होतो.

आशीर्वाद असू द्यावा. उत्तरात दोन शिव्या आल्या तरी चालतील.

तुमची,
ताई

२६ फेब्रुवारी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उद्धट आहे. शुद्धलेखनही ढिलं आहे. ते वाचून मी मंगळवारी पाण्यात उतरलो, ते केवळ तुला खोटं पाडायला.

ठोंब्याने आणलेल्या चड्डीवर बदकं आहेत, त्याबद्दल त्याच्याशी वेगळं बोलेन. माझ्या विद्यार्थिनीने मानेखाली आणि कमरेखाली हात देऊन मला आडवं केलं. मी तिला म्हणालो, “धर मला. सोडलंस तर बघ.” ती म्हणाली, “सर, मुठी उघडा.” मुठी आवळल्यात हे माझ्या ध्यानातही नव्हतं. वर्गात आम्ही मुलांना हात पुढे करायला सांगत असू, त्या सुरात ती बोलली. उघडल्या.

कान पाण्यात गेले आणि ठोंब्याची बडबड थांबली, हा पहिला फायदा. पाय पडल्या दिवसापासून दगडासारखा होता, त्याचं ओझं कुठे गेलं कळेना. मग छताचे दिवे हळूहळू डोक्यामागे जाऊ लागले. म्हणजे मी चाललो होतो, पाणी नेईल तिकडे. माझंच बरोबर, हे सांगायला मान वळवली, तर बाई कधीच हात काढून लांब उभी. मला कुणीच धरलेलं नव्हतं. घाबरून मूठ आवळली असती तर बुडालो असतो. आवळली नाही. तेवढं मी ठरवलं होतं, हे कबूल करावं लागतं.

तेव्हा तुझा शब्द चूक आणि माझाही अपुरा. ती मुलगी तरंगत नव्हती, वाहतही नव्हती. तिने पाण्यावर अंग टाकलं होतं. असंच लिही. तुझ्या आईने हे कधीच सुचवलं असतं, तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणून.

बाहेर आल्यावर विद्यार्थिनीने विचारलं, कसं वाटलं सर? माझ्या वर्गात पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं लागे. मी नुसताच तिचा हात धरून राहिलो. मग तो सोडून बाकापर्यंतची चार पावलं चालत गेलो. ठोंब्या तिथे टॉवेल घेऊन रडत उभा होता, आणि टॉवेल मला हवा होता.

गुरुवारी पुन्हा जाणार आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही, आयतं समाधान कशाला?

राग आहेच, त्याच्या खाली लोभही आहे. दोन्ही सांभाळून घे.

तुझे,
अण्णा