मावशीच्या गळ्यात आईचा हार

श्रीमत्सकलदफ्तरचूडामणी, अखंडदक्षताव्रतधारी, शिक्का न बसलेली टपाल तिकिटे वाफेवर सोडवून पुनरुपयोगात आणणारे, सुतळीच्या वीतभर तुकड्यालाही आश्रय देणारे, मांजलपूरस्थ द्वितीयमजलाधिपती, आणि प्रत्येक वस्तू ‘सुरक्षित स्थळी’ ठेवून त्या स्थळाचे रहस्य स्वतःबरोबर कैलासी नेणारे आमचे तीर्थरूप अण्णा यांच्या चरणी एकमेव चिरंजीवाचा साष्टांग दंडवत. (गुडघा दुखतो, दंडवत मानसिक समजावा.)

अण्णा, बिरुदावली संपली. तुम्हाला जाऊन वीस वर्षे होत आली आणि मी तुम्हाला लिहिलेले हे पहिलेच पत्र आहे. एका घरात राहणाऱ्या बापलेकांना पत्रव्यवहाराचे प्रयोजन पडत नाही. आज पडले, कारण तुमची नात माळ्यावरून तो जुना कॅमेरा खाली घेऊन आली आणि तिने एक असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. प्रश्नाकडे येतो, पण आधी प्रकरणाची पूर्वपीठिका सादर करणे दफ्तरदाराच्या मुलाला भाग आहे.

आपण वाडीतली भाड्याची जागा सोडून मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये आलो ते वर्ष. सामान बांधताना ट्रंकेच्या तळाशी तुम्हाला कुणाच्या तरी लग्नातला एक समूह-फोटो सापडला. तुमची आई तुम्ही चार वर्षांचे असताना गेलेली. तिचा चेहरा तुम्हाला आठवत नसे, आठवत असे तो फक्त तिच्या हाताला येणारा मेथीचा वास. घरात तिची एकही छबी नव्हती. त्या फोटोत मधोमध बसलेल्या, थेट समोर पाहणाऱ्या स्त्रीवर तुम्ही बोट ठेवलेत आणि निर्णय दिलात: “नाक बघ. आपलंच नाक.” आमच्या घराण्याचे नासिकावैभव हा पुरावा आम्हा कुणालाच अपुरा वाटला नाही. स्टुडिओवाल्याने तेवढा चेहरा मोठा करून दिला, वर स्वखुशीने ठसठशीत कुंकू रंगवले. चौकटीच्या पाठीमागे तुम्ही ‘मातुःश्री’ असे लिहून खाली सही केलीत. तुमची सही झाली की विषय संपत असे.

वास्तुशांतीला डभोईची मावशीआजी आली. तुमच्या आईची धाकटी बहीण, आपल्याकडे कित्येक वर्षांनी येत होती. मी अजून पाहतो आहे: ती चपला काढते, पाणी पिते, पदराने चष्मा पुसते आणि दिवाणखान्यातल्या त्या हार घातलेल्या, चंदन लावलेल्या फोटोपुढे उभी राहते. सगळ्यांना वाटते, म्हातारीला बहिणीच्या आठवणीने भरून आले. माझी आई तर तिला धरायला पुढे होते. मावशीआजी वळते आणि अत्यंत शांतपणे म्हणते, “ही मी आहे.”

कुणी हसले नाही. हसायचे की प्रायश्चित्त घ्यायचे हेच कुणाला कळेना. तुम्ही क्षीण स्वरात नाकाचा दाखला दिलात. ती म्हणाली, नाक दोघींचे एकच होते, पण या कानातल्या कुड्या शेजारणीकडून उसन्या आणलेल्या होत्या आणि त्या परत करायला तुझी आईच गेली होती. उसन्या कुड्या माणूस जन्मभर विसरत नाही. मग स्वतःच्या फोटोकडे पुन्हा एकदा निरखून पाहत तिने अभिप्राय दिला, “हार चांगला आहे. चंदन जरा वधारे झालंय.” (डभोईत राहून तिच्या ‘जास्त’चे ‘वधारे’ झाले होते.)

तेव्हा मात्र घर जे हसत सुटले ते शेजारचे गुजराती काका दारात येऊन उभे राहीपर्यंत. तुम्ही हसत नव्हता. तुम्ही आत जाऊन मूळ फोटो आणलात आणि तिच्यापुढे धरलात. “मग आई कुठली?”

तिने डाव्या टोकाला बोट ठेवले. मांडीवर मूल घेतलेली एक स्त्री. मुलाचे झबले स्पष्ट, लुगड्याचे काठ स्पष्ट, आणि चेहऱ्याच्या जागी बोटाने पुसल्यासारखा एक पांढरा फराटा.

“तू रडत होतास,” मावशीआजी म्हणाली. “फोटोवाला ओरडत होता, कोणी हलू नका. आम्ही सगळे दगडासारखे बसलो. ती हलली. तुझ्याकडे बघत होती.”

तुम्ही हार काढायला स्टुलावर चढलात, तर मावशीआजीने अडवले. ताजा आहे, संध्याकाळपर्यंत राहू दे, म्हणाली. जिवंतपणी एवढा मान कुणाला मिळतो. आणि स्टुलावर उभ्या उभ्याच तुम्ही मला आज्ञा केलीत की दर माणसाचा फोटो काढायचा, वेगळा, समोरून, आणि माणूस असेपर्यंत.

मी नुकताच आखातातून परतलेल्या सहकाऱ्याकडून एक वापरलेला कॅमेरा घेतला होता. त्याच्या भिंगावर एक काळे झाकण असे आणि पाहायची खिडकी निराळी असे. ही रचना नियतीने माझ्यासाठीच योजली होती. तुम्ही रविवारी आप्तमंडळींना बोलावलेत. निमंत्रणाचे कारण सांगण्यात तुमचा मुत्सद्दीपणा थिटा पडला, कारण थोरल्या चुलत काकांनी येताक्षणी विचारले, “माझा डॉक्टर तुझ्याशी काही बोलला का?” काकू कवळी रुमालात बांधून आली होती, ऐनवेळी लावायला. आत्याने पैठणी नेसली आणि उकाड्याने तिला घेरी आली. तुम्ही प्रत्येकाला पाठीचा कणा, हनुवटी आणि मोक्ष यांविषयी सूचना देत होता. मी छत्तीसच्या छत्तीस छबी टिपल्या. मंगळवारी रोल आणायला गेलो तेव्हा स्टुडिओवाल्याने मला करुणेने न्याहाळले आणि विचारले, “भाई, ढांकणुं काढ्युं हतुं?”

झाकण काढले नव्हते.

त्या दिवशी तुम्ही मला जे बोललात ते शब्दशः लिहीत नाही, पण सार असे की आमच्या कुळात एकीने चेहरा हलवून हरवला, दुसऱ्याने झाकून. माझा चेहरा पाहून तुम्हालाच वाईट वाटले असावे, कारण संध्याकाळी तुम्ही न मागता नवा रोल आणून माझ्या उशाशी ठेवलात, आणि सावधगिरी म्हणून ते झाकण कॅमेऱ्यावरून काढून सुरक्षित स्थळी हलवलेत.

पुढच्या रविवारी सारे वऱ्हाड पुन्हा अवतरले. या वेळी कुणालाच मरणाची धास्ती नव्हती. माझ्या फजितीने ती पार धुऊन नेली होती. काका पोट धरून हसले, काकूची कवळी निसटली, आत्या साध्या सुती साडीत आली आणि पैठणीपेक्षा देखणी दिसली. मावशीआजी म्हणाली, माझा हारवाला आधीच झालाय, आता बिनहाराचा काढ. ती सगळी माणसे आज गेली, अण्णा, पण गेली ती चेहरे मागे ठेवून. ही तुमची करामत.

तुमचे अकरा फोटो काढले. अकराही मुद्रांकित प्रमाणपत्रासारखे. रोलमध्ये शेवटची एक छबी उरली होती, तेव्हा तुम्ही मानेला आराम दिलात आणि मी खोडसाळपणे ओरडलो, “अण्णा, झाकण राहिलं!” तुम्ही दचकून माझ्याकडे वळलात, तोंड उघडे, एक हात उगारलेला, डोळ्यांत राग पोहोचण्याआधी आलेले हसू. तो फोटो हलला. तुम्ही पाहिलात आणि फर्मान काढलेत की हा भिंतीवर कदापि लावायचा नाही.

तर कबुली अशी की तोच लावला आहे. अकरा प्रमाणपत्रे लिफाफ्यात आहेत. तुमच्या दिवसांना मावशीआजी काठी टेकत आली, चष्मा पुसून फोटोपुढे उभी राहिली. मी शिक्षेच्या तयारीत होतो.

“हललाय,” ती म्हणाली. मग फोटोला हात लावून, “आईवर गेलाय.”

हे पत्र धाडण्याजोगा पत्ता नसल्याने तेही मी सुरक्षित स्थळीच ठेवणार आहे, म्हणजे कुणालाच मिळणार नाही. राहता राहिला नातीचा प्रश्न. तिला त्याच कॅमेऱ्याने आपल्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, फोटो काढायचा आहे. आईने त्यासाठी आजच दोन साड्या इस्त्री करवून घेतल्या. भिंगावर धूळ बसते आहे. मी देवघर, शिवणयंत्राचा खण, तांदळाचा डबा आणि तुमच्या कोटाचे सगळे खिसे पाहिले. पाचक चूर्णाच्या बाटलीचे झाकण बसते, पण कॅमेरा वाकवला की पडते आणि सोफ्याखाली जाते, आणि माझा गुडघा दुखतो. अण्णा, ते झाकण तुम्ही नेमके ठेवलेत कुठे?