पहिली ओंजळ

माय, काल मी तुझ्या वाटेनं नदीवर गेलो. एकटाच. घरामागचा तलाव आटलाय, त्याची भेगाळलेली माती पायाखाली कडक लागते. पलीकडे रेतीचे उंचवटे, आणि ते उतरले की गोदावरीचा काठ. कुठेही थांबावं लागलं नाही. तू सांगायचीस तेवढीच सोपी आहे वाट.

दर उन्हाळ्यात तू तिथे तुझ्या धाकट्या बहिणीला भेटायचीस. पैलतीरी, दुसऱ्या राज्यात, तुझं माहेर. नदी बारीक झाली की मावशी डोंग्यातून यायची. जी आधी पोचेल तिनं रेतीत झिरा उकरायचा, पाणी निवळू द्यायचं आणि पहिली ओंजळ मागून येणारीला पाजायची. तोवर स्वतः घोटही घ्यायचा नाही. पूल झाल्यावर मी म्हटलं, आता बसनं जात जा. "पुलावरून पाहुण्यावानी जाऊ का?" तू म्हणालीस. "बहिणी रेतीतच भेटतात."

तो शेवटचा उन्हाळा. तू दारात बसली आहेस, गुडघे सुजलेले, मांडीवर मोहाच्या लाडवांचं फडकं. बाहेर जीप हॉर्न वाजवते आहे. "बाबू, मले हाताले धरून ने ना. तुयी मावशी झिरा करून बसली असन." मी म्हणतो, "माय, कुरखेड्याले सभा आहे. लोक वाट पाहून राह्यले." तू हसतेस. "साऱ्या जगाले पोचवतं, मायलेच काऊन नाई पोचवत? जा, बोल चांगलं." त्या संध्याकाळी मी नदीवर बोललो: नदी माणसं तोडत नाही, सरहद्दी तोडतात. आणि बोलण्याच्या भरात तोंडून गेलं, की आज सकाळीच म्हाताऱ्या आईचा हात धरून मी तिला तिच्या बहिणीपाशी पोचवून आलो. लोक उभे राहिले. पावसाळ्यात तू गेलीस. ते वाक्य मात्र राहिलं. सभेमागून सभेत मी त्यात तलाव घातला, तापलेली रेती घातली, तुझा थरथरता हातही घातला, जो मी धरलाच नव्हता.

काल मावशीनं निरोप पाठवला म्हणून गेलो. ती झिऱ्याशी बसली होती, पार वाकलेली. म्हणाली, "त्या साली अक्का काऊन नाई आली रे? मी सांजवरी तशीच बसली होती. झिरा भरला, मी पाणी नाई पेली." "गुडघे फार दुखत होते तिचे," मी म्हणालो. शब्द खरे होते, उत्तर खोटं होतं. मावशीनं मान हलवली. "असन. नाईतर ती राहणारी नव्हती." मग तिनं दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि माझ्यापुढे धरले. "पे. मागून तूच आला."

ती तुझी ओंजळ होती, माय. मी प्यायलो.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि मावशीला वाचून दाखवायची हिंमत नाही. म्हणून एवढंच कबूल करतो: परत येताना, तलावाच्या मध्यावर, पुढच्या सभेत ही ओंजळ कशी सांगायची याची वाक्यं मी मनात जुळवत होतो.